किल्ली खिळ्याला, खोलीला कुलूप: वैमानिकांच्या एका अ‍ॅपचं प्रकरण

जुलैतला रविवार, दुपारचा एक. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात एका लहान गावाबाहेरच्या विमानतळावर माझ्या आतेभावाने, दादाने, आपली सेस्ना १७२ उतरवली. शेजारी आतोबा, मागच्या सीटवर आत्या. दोघं इंदूरहून तीन महिन्यांसाठी लेकाकडे गेलेली आणि लेकाच्या विमानात पहिल्यांदाच बसलेली. बेत साधा होता. विचिटाहून तासाभराचं उड्डाण, गावात जेवण, उन्हं कलायच्या आत परत. आम्ही इंदुरात बसून बनवलेल्या अ‍ॅपवर त्या विमानतळाच्या नावापुढे हिरवी खूण होती आणि खाली लिहिलं होतं: मोफत गाडी उपलब्ध.

गाडी खरंच होती. ऑफिसच्या भिंतीलगत उभी होती. पूर्वी पोलिसांकडे असलेली, रंग उडालेली फोर्ड क्राउन व्हिक्टोरिया. किल्लीही होती. काचेतून डोकावलं की टेबलामागच्या खिळ्याला लटकलेली दिसत होती. ऑफिसला मात्र कुलूप होतं, कारण रविवार होता.

दारावर लिहिलेल्या नंबरवर फोन लावला, तर मशीनने निरोप ठेवायला सांगितलं. टॅक्सी बोलावायच्या अ‍ॅपवर नकाशा रिकामा. गाव सहा किलोमीटरवर, रस्ता सरळ, सावलीला एक झाड नाही, ऊन अडतीस अंशांचं. आतोबांना मधुमेह आहे आणि जेवणाआधीची गोळी त्यांनी विमानातच घेतली होती. आत्याच्या पर्समध्ये राजगिऱ्याचे दोन लाडू निघाले, त्यांवर त्यांनी तग धरला. दादाला परत उडता आलं असतं. पण भर दुपारच्या तापलेल्या हवेत लहान विमान फार हलतं आणि आतोबांना घेरी येत होती. पोटात काही गेल्याशिवाय त्यांना वर न्यायचं नाही असं त्याने ठरवलं, ते योग्यच केलं. सव्वा तासाने शेतांवर फवारणी करणारा एक वैमानिक आपल्या हँगरकडे, विमान ठेवायच्या शेडकडे, आला. त्याने तिघांना पिकअपमध्ये बसवून गावात नेलं.

इंदुरात तेव्हा मध्यरात्र उलटली होती. दादाचा फोन सकाळी आला. आवाजात राग नव्हता, तेच मला जास्त लागलं. "आपली माहिती चुकीची असती तर बरं झालं असतं," तो म्हणाला. "गाडी आहे हे खरं होतं, म्हणून मी आई-बाबांना घेऊन तिथे गेलो."

अ‍ॅप कशासाठी होतं

राजेंद्रनगरात आमचं तीन जणांचं सॉफ्टवेअरचं काम आहे. मी आणि माझ्याबरोबर काम करणारी दोन मुलं. दादा विचिटाला असतो. सेस्ना आणि बीचक्राफ्ट या विमानं बनवणाऱ्या कंपन्या जिथे मोठ्या झाल्या, ते हे गाव. तिथे गेल्यावर त्याने खाजगी वैमानिकाचा परवाना काढला आणि एका जुन्या विमानात चौघांबरोबर भागीदारी केली. अ‍ॅपची कल्पना त्याचीच. विमान कुठेही नेता येतं, उतरल्यावर पुढचे चार-पाच मैल कसे जायचे ते कळत नाही, ही त्याची तक्रार होती.

ही तक्रार इथे बसून पटकन समजत नाही. अमेरिकेत सर्वांना खुली असलेली विमानतळं सुमारे ५,००० आहेत. नियमित प्रवासी विमानं जातात ती त्यांतली पाचशेच्या आसपास. उरलेल्यांपैकी बहुतेक म्हणजे धावपट्टी, वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी, इंधनाचा पंप आणि एक खोली. कंट्रोल टॉवर नाही. वैमानिक रेडिओच्या ठरलेल्या तरंगावर आपापला ठावठिकाणा सांगत उतरतात. त्या खोलीत जो धंदा चालतो त्याला एफबीओ म्हणतात, म्हणजे फिक्स्ड बेस ऑपरेटर. पहिल्या महायुद्धानंतर गावोगाव हिंडून शेतात विमान उतरवणारे आणि पैसे घेऊन लोकांना आकाशात फिरवून आणणारे वैमानिक होते. १९२६ सालच्या एअर कॉमर्स अ‍ॅक्टनंतर हवाई धंद्याला नियम आले, आणि जे एका जागी ठाण मांडून बसले त्यांना हे नाव पडलं, असं सांगतात.

या एफबीओंनी एक सुंदर रीत जपली आहे. पाहुण्या वैमानिकासाठी एक जुनी गाडी ठेवायची. भाडं नाही. वहीत नाव लिहायचं, किल्ली घ्यायची, तासा-दोन तासांत परत यायचं, जमलं तर थोडं पेट्रोल भरायचं. आपल्याकडे वाटेवर पाणपोई ठेवतात त्या जातीची ही रीत आहे. जो पहिला येईल त्याची गाडी. सहसा राखून ठेवत नाहीत. क्राउन व्हिक्टोरियाचं उत्पादन २०११ साली बंद झालं, पण पोलीस खात्यांनी काढून टाकलेल्या त्या गाड्या अशा विमानतळांवर अजून कामाला आहेत.

आम्हाला हे सगळं दादाने सांगितलं होतं. तरी आम्ही जे बनवलं ते टॅक्सीच्या अ‍ॅपसारखं बनवलं, कारण तेच आम्हाला ठाऊक होतं. अमेरिकेचं विमान वाहतूक खातं, एफएए, विमानतळांची माहिती दर २८ दिवसांनी ताजी करून सर्वांसाठी मोफत देतं. धावपट्टीची लांबी, उंची, इंधन, तरंग, फोन नंबर. ते आम्ही उचललं. गाडीची माहिती त्यात मिळत नव्हती, म्हणून दादाने आपल्या वैमानिक मित्रांना विचारून एक तक्ता भरला. त्यात एक रकाना होता: गाडी, हो किंवा नाही.

त्या तक्त्याचा एक त्रास सांगून ठेवते, कारण असं काम करणाऱ्या दुसऱ्या कोणाला उपयोग होईल. तिथल्या लहान विमानतळांचे कोड आकडे आणि अक्षरं मिसळून असतात. टेक्सासमधल्या एका धावपट्टीचा कोड '१ई२' आहे. तक्त्याच्या सॉफ्टवेअरला तो 'एक गुणिले दहाचा वर्ग' वाटतो आणि ते मुकाट्याने तिथे १०० लिहून मोकळं होतं. मूळ कोड पुसला जातो. आमच्या यादीतून असे काही विमानतळ नाहीसे झाले होते आणि ते आम्हाला बऱ्याच उशिरा दिसलं. आता तो रकाना आधी मजकूर म्हणून बांधायचा आणि मगच काही भरायचं, हा आमच्याकडे नियम आहे.

पण आतोबांची दुपार उन्हात गेली ती या गोंधळामुळे नव्हे. त्या विमानतळाची ओळ तक्त्यात नीट होती. 'हो' हे उत्तर दोन वर्षांपूर्वी एका बुधवारी तिथे उतरलेल्या मित्राने दिलं होतं आणि ते खरं होतं. रकान्याला वार नव्हता, तारीख नव्हती, आणि किल्ली कुठे असते हा प्रश्नच नव्हता.

आईचं तिकीट

हे सगळं मी सकाळी चहाच्या वेळी आईला सांगितलं. तिची नणंद दूरदेशी उन्हात बसून राहिली, म्हणून ती आधीच अस्वस्थ होती. तिने विचारलं, "उपलब्ध आहे असं सांगितलं कोणी?"

"यादीत होतं."

"यादीला तोंड असतं का? कोण बोललं आणि कधी बोललं, ते सांग."

आई तार-टेलिफोन खात्यात ट्रंक एक्स्चेंजला, परगावचे फोन जोडून द्यायच्या कामावर होती. एसटीडी, म्हणजे परगावचा नंबर स्वतः फिरवणं, देशात १९६० साली कानपूर-लखनौपासून सुरू झालं, पण लहान गावांना नंबर जोडून देणं पुढे कित्येक वर्षं ऑपरेटरच्याच हाती राहिलं. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग असे कॉलचे प्रकार होते. शिवाय 'पीपी', पर्टिक्युलर पर्सन: नुसती घंटी वाजून भागत नसे, हवा तोच माणूस फोनवर यावा लागे. प्रत्येक कॉलचं तिकीट फाडायचं. कोणी बुक केला, किती वाजता, तिकडे कोणी उचलला, काय झालं, पुन्हा केव्हा लावायचा. पाळी बदलली की दुसऱ्या बाईने ते तिकीट वाचून पुढचं काम करायचं. तिकिटावर नसलेली गोष्ट झालेलीच नाही असं धरलं जाई.

तिने पाठकोरा कागद घेतला आणि पट्टीने रेघा मारून तिकीट आखलं. विमानतळाचा कोड. फोन कोणी उचलला. नाव नको, हुद्दा. कोणत्या वारी, किती वाजता. गाडी आहे का. किल्ली कोणाकडे. रविवारी काय, अंधार पडल्यावर काय. परत कधी विचारायचं.

मी त्या कागदाकडे बराच वेळ पाहत राहिले. आम्ही सहा महिने रंग, खुणा आणि नकाशा यांवर घालवले होते, आणि 'किल्ली कोणाकडे' हा प्रश्न आमच्या एकाही बैठकीत निघाला नव्हता. गाडी ही लोखंडाची वस्तू आहे. ती मिळणं हे मात्र एका माणसावर, त्याच्या वेळेवर आणि त्याच्या सवयीवर अवलंबून असतं. आम्ही वस्तूची नोंद ठेवली होती. आईने माणसाची ठेवायला सांगितली.

ठरलं ते असं: फक्त कॅन्सस. शंभराहून अधिक सार्वजनिक विमानतळ एकट्या त्या राज्यात आहेत, तेवढे पुरेत. फोन आई करणार. उन्हाळ्यात इंदूर कॅन्ससच्या साडेदहा तास पुढे असतं, म्हणजे आपले रात्रीचे आठ वाजले की तिकडे सकाळचे साडेनऊ. ऑफिस उघडून कॉफी झालेली, ऊन चढायचं बाकी. जेवण आटोपून आई आठला फोनशी बसायची, पाच-सहा फोन करून उठायची.

पहिला महिना

पहिल्या आठवड्यात बहुतेकांनी फोन ठेवून दिला. कारण समजायला वेळ लागला नाही. भारतातून, भारतीय उच्चारात, अनोळखी बाई फोन करते आणि "तुमच्याकडे गाडी आहे का, किल्ली कुठे ठेवता" असं विचारते. त्या लोकांना फसवणुकीचे फोन इतके येतात की दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. एका गृहस्थांनी पोलिसांत कळवतो म्हणून सांगितलं. आईने आयुष्यभर सरकारी खात्यात आवाजाच्या विश्वासावर काम केलं होतं. त्या रात्री तिने रिसीव्हर ठेवला आणि काही न बोलता दूध विरजायला गेली. मला वाटलं, संपलं हे.

दुसऱ्या दिवशी तिने दादाला फोन लावला. "मला तुमच्या विमानांचं थोडं शिकव रे. अनाडी माणसाशी कोण बोलेल?"

"मामी, काय शिकवू?"

"तो माणूस सकाळी ऑफिस उघडून पहिलं काय बघतो, ते सांग."

वारा, तो म्हणाला. वारा कुठून आहे आणि कोणती धावपट्टी चालू आहे, ते. मग आईने रेडिओवर अक्षरं सांगायची अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही बाराखडी पाठ केली. धावपट्टीचे आकडे दिशेवरून पडतात हे समजून घेतलं: १७ म्हणजे साधारण १७० अंश, तीच उलट्या बाजूने ३५. कोड नीट उच्चारायला शिकली. दादाने ज्या विमानतळांवर तो स्वतः उतरला होता त्यांना आधी एक-एक निरोप पाठवला की अमुक वेळी माझ्या मामी फोन करतील, त्या पैसे किंवा कार्ड यांविषयी कधीही विचारणार नाहीत, शंका आली तर मला उलट फोन करा. आणि आईचं पहिलं वाक्य बदललं. ती आता कोड सांगून विचारायची, आज वारा कसा आहे, सतरावर उतरताय की पस्तीसवर?

या एका वाक्याने बोलणं सुरू व्हायचं. विमानतळावरचा माणूस वाऱ्याबद्दल बोलायला कधी कंटाळत नाही. मग पिकाचं निघे, पावसाचं निघे, आणि त्या ओघात कळे की शनिवारी दुपारी बारानंतर कोणी नसतं; की गाडी आहे पण बॅटरी उतरलेली आहे; की गाडी गेल्या वर्षी मोडीत काढली, आता शेजारच्या मोटेलची व्हॅन येते, मात्र रात्री नऊपर्यंतच; की किल्ली हवी असेल तर गॅरेजवाल्याला हाक मारायची, तो पलीकडे राहतो.

यातली एकही गोष्ट 'हो' किंवा 'नाही'मध्ये बसत नाही. तो रकाना आम्ही काढून टाकला आणि त्याच्याबरोबर हिरवी खूणही. दोन्ही मुलांना ते जड गेलं, कारण पडदा एकदम साधा, जवळजवळ ओकाबोका दिसू लागला. आता तिथे वाक्य येतं: 'गाडी आहे. किल्ली ऑफिसात. रविवारी ऑफिस बंद. काउंटरवरच्या बाईंनी गुरुवारी सकाळी सांगितलं, १२ दिवसांपूर्वी.' खाली फोनचं बटण. त्याखाली, काहीच नसलं तर काय करायचं ते: गावाच्या कडेपर्यंत पायी किती अंतर, रस्त्याला कडेने चालायला जागा आहे का, पाणी कुठे मिळेल. पाण्याची ओळ आत्याच्या सांगण्यावरून घातली.

नोंद किती दिवस ताजी धरायची यावर वाद झाला. मुलं म्हणत होती तीस दिवस, गोल आकडा. दादाने वेगळं सुचवलं. एफएएचं चार्ट सप्लिमेंट, म्हणजे विमानतळांची अधिकृत माहितीपुस्तिका, दर ५६ दिवसांनी नव्याने निघते. त्या मुदतीनंतर हातातली प्रत जुनी झाली हे वैमानिकाच्या अंगवळणी पडलेलं असतं. आईची सगळ्या राज्याची फेरीही, न लागलेले फोन धरून, साधारण तेवढ्यातच पूर्ण होत होती. म्हणून ५६. त्यानंतर नोंद पुसली जात नाही, फक्त राखाडी होते आणि वर 'जुनी' असं येतं.

आणखी एक दुरुस्ती त्या महिन्यातच झाली. नकाशावर विमानतळाची टाचणी जिथे पडते, तो एफएएने दिलेला बिंदू म्हणजे धावपट्ट्यांचा साधारण मध्य. माणूस तिथे उभा नसतो. टॅक्सीला किंवा मोटेलच्या व्हॅनला तो बिंदू पाठवला तर ती कुंपणाच्या भलत्याच बाजूला जाऊन थांबते. एका ठिकाणी हॉटेल नकाशावर एक किलोमीटरच्या आत दिसत होतं. मध्ये कुंपण, नाला आणि हायवे, रस्त्याने जायचं तर चारच्या वर. म्हणून आईच्या तिकिटात एक ओळ वाढली: फाटक कोणत्या रस्त्यावर उघडतं. इंदुरात पत्ता सांगताना बडा गणपतीवरून पुढे, मग अमुक दुकानाच्या समोर, असंच आपण सांगतो. तिने तिकडच्यांनाही तसंच विचारलं, आणि तेही तसंच सांगत. धान्याच्या कोठारावरून डावीकडे.

फोन आकाशात चालत नाही, याचाही विचार करावा लागला. अमेरिकेत उडत्या विमानातून मोबाइल वापरायला दूरसंचार आयोगाची बंदी आहे, आणि वर रेंजचा भरवसा नसतोच. निघण्याआधीच त्या मार्गाच्या दोन्ही अंगांच्या विमानतळांची तिकिटं फोनमध्ये उतरवून ठेवायची सोय केली. हवा बिघडली आणि भलतीकडेच उतरावं लागलं तर हीच तिकिटं कामी येतात.

जे आम्ही घातलं नाही

लहान विमानतळांवर रात्री फाटकाला किंवा दाराला आकड्यांचं कुलूप असतं, आणि आकडा बहुधा असा ठेवतात की वैमानिकालाच सुचावा. त्या विमानतळाचा रेडिओ तरंग, उदाहरणार्थ. फोनवर लोक आईला ते आकडे आपणहून सांगू लागले. अ‍ॅपमध्ये घातले असते तर वापरणाऱ्यांना फार आवडलं असतं. मी नाही म्हटलं. ज्यांनी एका अनोळखी बाईवर विश्वास टाकून दाराचा आकडा सांगितला, त्यांचं दार आम्ही बाजारात मांडायचं नाही. तिकिटावर एवढंच राहतं: 'आकडा फोन करून विचारावा.'

मोटेलच्या जाहिरातीही घेतल्या नाहीत. ज्या मोटेलकडून पैसे घेतले, त्याची व्हॅन रात्री नऊला बंद होते ही ओळ आम्ही तितकीच ठळक ठेवली असती का, याची मला खात्री वाटेना.

पैशांचं थोडक्यात सांगते. वापरणारे वर्षाची वर्गणी देतात. सर्व्हरचा खर्च किरकोळ आहे. सगळ्यात मोठा खर्च आईचे फोन आणि आईचा वेळ. ती पैसे घ्यायला तयार नव्हती. मी हट्टाने तिकिटामागे मेहनताना ठरवला आणि दर महिन्याला तिच्या खात्यात जमा केला. घरचं माणूस म्हणून ते फुकट धरलं असतं, तर अ‍ॅप नफ्यात दिसलं असतं आणि आम्ही त्या खोट्या आकड्याच्या बळावर आणखी पाच राज्यं घ्यायला धावलो असतो. खरा हिशेब धरल्यामुळे फक्त एक राज्य आणखी घेतलं, नेब्रास्का, आणि तेही आईची एक जुनी सहकारी या कामाला यायला तयार झाली तेव्हा.

इंदुरात का नाही

हा प्रश्न राजेंद्रनगरातल्या ओळखीच्या प्रत्येकाने विचारला, आणि मलाही तो मनापासून पडला होता. देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ शहरापासून आठ किलोमीटरवर. वाटसरूंसाठी धर्मशाळा आणि विहिरी बांधणाऱ्या बाईंचं नाव त्याला आहे. तिथे वैमानिक घडवणारी संस्थाही आहे. मी तिथल्या दोन शिकाऊ वैमानिकांशी बोलले.

इथली अडचण निराळ्या जागी आहे. भारतात असं उड्डाण करायचं तर आधी एफआयसी आणि एडीसी क्रमांक लागतात. पहिला उड्डाण माहिती केंद्राचा, दुसरा हवाई संरक्षणाच्या मंजुरीचा. मोठ्या विमानतळावर उतरल्यावर विमानापासून रस्त्यापर्यंत वैमानिक आपल्या मनाने चालत जाऊ शकत नाही, सुरक्षेच्या रीतीने, परवानगी असलेल्या वाहनातूनच जावं लागतं. एकदा बाहेर पडलं की रिक्षा, टॅक्सी, आणि ३१ मे २०२५ पासून जवळच्या गांधीनगर स्थानकाहून सुपर कॉरिडॉरवर धावणारी मेट्रो, सगळं आहे. शिकाऊ मुलांना व्यावसायिक परवान्यासाठी २०० तास भरायचे असतात, त्यात ३०० सागरी मैलांचं एक लांब उड्डाण, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून. ती मुलं उतरतात, सही-शिक्का घेतात आणि निघतात. गावात जायचं त्यांच्या मनातही नसतं. स्वतःच्या हौसेने कुटुंबाला घेऊन जेवायला जाणारा वैमानिक इथे फार विरळा.

तरी एका रविवारी आम्ही उज्जैनची दताना-मताना हवाईपट्टी बाहेरून पाहून आलो. देवास रस्त्यावर उभं राहून हात केला आणि काही मिनिटांत एक टेम्पो थांबला. आई म्हणाली, "इथे माझं काय काम?" तो विषय तिथेच मिटला.

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन

पुढच्या वर्षी हिवाळ्यात आईच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, आणि काही आठवड्यांनी उजव्याचा. डॉक्टरांनी वाचन-लेखन बंद ठेवायला सांगितलं. नेब्रास्का सांभाळणाऱ्या बाईंवर कॅन्ससचाही बोजा टाकायचा नाही असं आईने बजावलं होतं. मुलांनी सुचवलं की नोंद ताजी धरण्याची मुदत तात्पुरती नव्वद दिवस करू, म्हणजे पडदा राखाडी होणार नाही. मी तसं करू दिलं नाही, पण मला धास्ती होती. वर्गणी देणाऱ्याला निम्मा नकाशा 'जुनी, जुनी' म्हणून दाखवणं सोपं नसतं. आम्ही वर एक ओळ टाकली: फोन करणाऱ्या बाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आहे, काही आठवडे नोंदी जुन्या राहतील, निघण्याआधी स्वतः फोन करा.

काहींनी वर्गणी थांबवली. आणि काहींनी स्वतः फोन करून तिकिटं भरून पाठवली, आईच्या रकान्यांप्रमाणे: कोण बोललं, कोणत्या वारी, किल्ली कोणाकडे. ही सोय आम्ही ठेवलेलीच नव्हती. ती तिकिटं साध्या ईमेलने आली आणि मुलांनी हाताने चढवली. आता ती सोय अ‍ॅपमध्ये आहे, पण कुणा वैमानिकाने पाठवलेली नोंद आईच्या नोंदीपासून वेगळी दाखवतो. तिला खातरजमेचा फोन होईपर्यंत तसंच ठेवायचं आहे, आणि वैमानिकांची त्याला हरकत नाही.

त्या ईमेलांत एक पत्र विमानतळाकडूनच आलं होतं. दादा जिथे अडकला होता त्याच गावातून. तिथल्या व्यवस्थापकांशी आईचं तोवर चार वेळा बोलणं झालं होतं. दर वेळी ती वारा विचारायची आणि मग रविवारचं विचारायची. त्यांनी लिहिलं होतं की दाराबाहेर आकड्याची एक पेटी बसवली आहे, किल्ली आता तिच्यात असते, आणि रविवारी फोन त्यांच्या घरी वळवला जातो. मामींना कळवा, असं शेवटी होतं. दादाला 'मामी' म्हणताना त्यांनी ऐकलं असणार.

आईच्या डोळ्यावर पट्टी होती. मी ते पत्र तिला मराठीत सांगितलं. तिने पुन्हा सांगायला लावलं.

"पेटीचा आकडा लिहिलाय का त्यात?"

"नाही."

"बरं. तिकिटावर वार घाल. आणि तू ऐकलंस असं लिही, मी नाही."